गर्भिणीचें सुख : शास्त्र, दप्तर आणि सावदा

आपल्या इतिहासग्रंथांत जन्माच्या तिथि पुष्कळ सांपडतात. अमुक शकांत, अमुक तिथीस, अमुक गडावर पुत्र झाला, साखर वांटली, तोफा झाल्या, इतकें बखरकार आवर्जून लिहितो. परंतु त्या तिथीपूर्वींचे जे नऊ महिने, त्यांविषयीं तो बहुधा मुका असतो. ज्या स्त्रीनें तो भार वाहिला तिला झोंप लागत होती काय, अन्न जिरत होतें काय, निजावयास वाऱ्याची जागा मिळत होती काय, हे प्रश्न इतिहासाचे नव्हेतच अशी समजूत दिसते. प्रस्तुत लेखांत आम्हांस हेच प्रश्न विचारावयाचे आहेत. गर्भिणीस सुख असावें हें आपल्या पूर्वजांनीं कोणाचें कर्तव्य मानिलें, आणि त्या कर्तव्याचें फळ कोणाच्या पदरीं पडलें व कोणाच्या पडलें नाहीं, एवढाच या लेखाचा विषय आहे. साधनें तीन प्रकारचीं घेतलीं आहेत : संस्कृत व प्राकृत ग्रंथ, इतिहासांतील प्रसिद्ध प्रसंग, आणि आमचें राहतें गांव सावदा येथें आम्हीं स्वतः पाहिलेलें व वृद्ध स्त्रियांकडून ऐकिलेलें.

प्रथम धर्मशास्त्र पाहूं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या भोजनाचा क्रम सांगतांना एक अपवाद केला आहे. अतिथीस आधीं वाढावें हा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु नव्या सुना, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांस अतिथीच्याही आधीं, मनांत कसलाही विचार न आणतां, जेवूं घालावें असें तेथें म्हटलें आहे. ज्या संस्कृतीनें अतिथीस देव मानिलें तिनेंच गर्भिणीचें पान त्याच्याही अगोदर मांडावें, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायांत नदीच्या उताराचे नियम आहेत. गाडीस किती, ओझेकऱ्यास किती, असे दर सांगून झाल्यावर दोन महिन्यांच्या पुढील गर्भिणीकडून तरीचें मोल घेऊं नये असें बजाविलें आहे. बौधायनधर्मसूत्रांत रस्त्यांत कोणास वाट द्यावी याची यादी आहे. तींत राजा, वृद्ध, अंध व भारानें वांकलेला यांच्या पंक्तीस गर्भिणी बसविली आहे.

या तीन नियमांत एक समान सूत्र आहे, त्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. घरांत पान आधीं, वाटेवर जागा आधीं, नदीवर मोल माफ. यांपैकीं एकाही गोष्टीसाठीं त्या स्त्रीस तोंड उघडून कांहीं मागावें लागत नाहीं. कर्तव्य घरधन्याचें आहे, वाटसराचें आहे, तरीवाल्याचें व त्याच्यावरील राजाचें आहे. या सूत्राकडे आम्ही शेवटीं पुन्हां येणार आहों.

गृह्यसूत्रांतील सीमंतोन्नयन हा संस्कार आज पुष्कळ ठिकाणीं ओटीभरणाच्या व डोहाळजेवणाच्या रूपानें उरला आहे. आश्वलायनानें तो चौथ्या महिन्यांत सांगितला असून त्यांत साळूच्या तीन ठिकाणीं पांढऱ्या अशा कांट्यानें व उंबराच्या कोंवळ्या फळांच्या घोंसानें पतीनें पत्नीचा भांग वर काढावयाचा असतो. मग वीणेवर गाणारे दोघे जण सोमराजाचें गान करितात व ज्या नदीच्या काठीं तें कुटुंब राहत असेल तिचें नांव घेतात. आमच्या गांवीं हा विधि यथासांग झाला असता तर तेथें तापीचें नांव आलें असतें. परंतु सूत्रकाराचें खरें शहाणपण याच्या पुढच्या सूत्रांत आहे. ज्यांचे पति व अपत्यें जिवंत आहेत अशा वृद्ध ब्राह्मणी जें जें सांगतील तें तें करावें, असें म्हणून तो स्वतः बाजूस सरतो. मंत्र, दर्भ व आहुति यांची बारीकसारीक व्यवस्था लावणाऱ्या सूत्रकारानें येथें मात्र अधिकार अनुभवी स्त्रियांकडे सोंपविला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां वैद्यकाकडे वळूं. चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय हा या विषयाचा मूळ आधार होय. गर्भिणीस वागवावयाचें तें कांठोकांठ तेलानें भरलेलें पात्र न हिंदकळतां नेल्याप्रमाणें, अशा अर्थाची उपमा तेथें दिली आहे. पुढें महिन्यांगणिक पथ्य आहे. पहिल्या महिन्यांत सोसेल तेवढें थंड दूध, दुसऱ्यांत मधुर औषधींनीं सिद्ध केलेलें दूध, तिसऱ्यांत मध व तूप घालून दूध, चौथ्यांत दुधाबरोबर एक अक्ष, म्हणजे सुमारें तोळाभर लोणी, पांचव्यांत दूधतूप, असा तो क्रम आहे. धक्के देणारें वाहन, विषम व कठीण आसन, उकिडवें बसणें, वेग आवरून धरणें, अतिश्रम व उपास हीं वर्ज्य सांगितलीं आहेत. पूर्वीं आमच्या भागांत पहिलटकरीण माहेरीं निघाली म्हणजे दमणींत कडब्यावर गोधड्यांची जाड बैठक घालीत आणि गाडीवानास बैल पळवूं देत नसत. त्या गाडीवानानें चरक वाचला नव्हता. पण संहितेंतील नियम व गाडींतील गोधडी एकाच अनुभवांतून निघालीं असलीं पाहिजेत.

याच अध्यायांतील दोन वाद आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. सातव्या महिन्यांत गर्भिणीच्या उरांत जळजळतें. हें गर्भाच्या केसांमुळें होतें असें स्त्रिया म्हणतात, असें प्रथम सांगून भगवान् आत्रेय तें नाकारितात. त्यांच्या मतें वाढता गर्भ वर दाबूं लागल्यामुळें दोष उरापर्यंत चढतात व दाह करितात. त्यांतूनच पुढें पोटावर खाज व रेघा उत्पन्न होतात. त्यावर बोरांच्या पाण्याबरोबर औषधी लोणी, पोटास व स्तनांस चंदन व कमळाच्या देठांचा लेप, आणि थोडा, मधुर, कमी तेलातुपाचा व कमी मिठाचा आहार सांगितला असून खाज आली तरी खाजवूं नये असें बजाविलें आहे. बाळाच्या जावळामुळें छाती जळते ही समजूत सावद्यांत आम्हीं अद्याप ऐकतों. आजचे वैद्य सांगतात कीं वाढलेलें गर्भाशय जठरास वर दाबतें व त्या काळीं शरीरांत वाढणाऱ्या रसांनीं अन्ननलिकेच्या तोंडाचा आवळ सैल पडतो, म्हणून आंबट वर येतें. त्यांनीं थोडें थोडें पुष्कळदां खावें, जेवल्याबरोबर आडवें होऊं नये, उशी उंच घ्यावी. दोषांची परिभाषा गेली. खालून वर दाब पडतो हें निरीक्षण टिकलें.

दुसरा वाद आठव्या महिन्याचा. या महिन्यांत तूप घातलेली दुधाची पेज द्यावी असें मत मांडलें असतां भद्रकाप्य नांवाचे आचार्य आक्षेप घेतात कीं त्यानें मूल पिंगट डोळ्यांचें निपजेल. आत्रेयांचें उत्तर असें : निपजेना कां, तेवढ्यासाठीं पेज देऊं नये असें होत नाहीं, तिनें स्त्री निरोगी राहते व अपत्यही सुदृढ होतें. बाळाच्या रूपाची चिंता एका पारड्यांत व आईच्या पोषणाची दुसऱ्यांत घालून आईचें पारडें जड ठरविणारा हा निर्णय आहे. गोऱ्या मुलासाठीं केशराचें दूध शोधणाऱ्या आजच्या घरांनीं तो वाचावा. उताणें निजल्यास नाळ गर्भाच्या मानेभोंवतीं गुंडाळते, असेंही तेथें म्हटलें आहे. कारण खरें नाहीं. परंतु शेवटच्या महिन्यांत कुशीवर निजावें हा उपदेश आजचेही वैद्य देतात, कारण उताणें निजल्यानें गर्भाशयाचा भार पाठीकडील मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. जुन्या ग्रंथांतील कारण व आचार हीं वेगवेगळीं तपासावीं लागतात, याचें हें चांगलें उदाहरण होय.

डोहाळे हा शब्द प्राकृत दोहल व संस्कृत दोहद यांचा वंशज आहे. सुश्रुत सांगतो कीं चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते व तिची इच्छा मोडल्यास गर्भास व्यंग येतें. याज्ञवल्क्यस्मृतीनेंही हाच धाक घालून स्त्रीस प्रिय तें करावें असें म्हटलें आहे. इच्छा मोडल्यानें व्यंग येत नाहीं हें आज आपणांस ठाऊक आहे; परंतु ज्या घरांत सुनेचें मन एरवीं कोणी विचारीत नसे तेथें निदान या धाकानें तरी तें विचारलें जाई. चरक यापुढें जाऊन व्यवहार सांगतो : घातक वस्तूखेरीज सर्व द्यावें, आणि इच्छा फारच तीव्र असल्यास अहितकर वस्तुही हितकर वस्तूंत मिसळून द्यावी. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणा राणी माती खाते व राजा दिलीप तिच्या मुखाचा मृत्तिकागंध घेतो. पुत्र पुढें पृथ्वी भोगणार म्हणून मातेस मातीची आवड, असें कवि सुचवितो. आम्ही शाळेंत असतांना एका विद्यार्थ्याच्या पाटीवरच्या पेन्सिली रोज संपत. दटावून विचारलें तेव्हां तो म्हणाला, "आई खाते, गुरुजी." आम्हीं तेव्हां हंसून रघुवंशाची आठवण केली. रक्तांत लोह कमी असलेल्या स्त्रियांत माती, खडू व पेन्सिल खाण्याची वासना पुष्कळदां दिसते, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या बाईस आमच्या हंसण्याचा उपयोग नव्हता. रक्त तपासून घेण्याचा सल्ला उपयोगी पडला असता.

आतां दप्तराकडे येऊं. इतिहासांत सावद्याचें नांव येतें तें मुलुखाच्या देण्याघेण्यांत व महसुलांत. इ. स. १७६३ त हें ठाणें निजामाकडून कायमचें पेशव्यांकडे आलें व लौकरच सरदार रास्ते यांस मिळालें, इ. स. १८५२ त इंग्रजी पाहणीविरुद्ध येथें १० ते १५ हजार लोक जमले व फौज आल्यावर पांगले. रास्त्यांचा व पेशव्यांचा सोयरसंबंध प्रसिद्ध आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्ते घराण्यांतील. त्यांचे धाकटे पुत्र नारायणराव. दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला तेव्हां त्यांच्या पत्नी गंगाबाई गर्भवती होत्या. बारभाईंनीं १७७४ च्या आरंभीं त्यांस पुरंदरावर नेलें व दि. १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें सवाई माधवरावांचा जन्म झाला. मराठी राज्याचें सारें राजकारण त्या महिन्यांत एका स्त्रीच्या उदरांतील गर्भावर अवलंबून होतें. पहारे, चौक्या, पत्रव्यवहार यांस तोटा नव्हता. परंतु पतीच्या खुनानंतर वैधव्यांत, थंडीच्या दिवसांत, डोंगरी किल्ल्यावर नेलेल्या त्या कोंवळ्या वयाच्या मुलीस काय हवें होतें? तिला गड हवा होता, कीं माहेर? पुत्र तीन वर्षांचा झाला असेल नसेल, तोंच १७७७ त गंगाबाई वारल्या.

जिजाबाईंची गोष्टही अशीच. इ. स. १६२९ च्या जुलैंत त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाही दरबारांत मारले गेले, आणि दि. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. म्हणजे पितृवधाचा शोक त्यांनीं गरोदरपणींच सोसला. परमानंद कवीच्या शिवभारतांत त्यांचे डोहाळे वर्णिले आहेत. ते हत्तीवर व वाघावर बसण्याचे, सिंहासनाचे व छत्राचे, धनुष्यबाणाचे व रणवाद्यांचे आहेत. काव्य म्हणून तें योग्यच आहे. पण ते डोहाळे आईचे नव्हेत, होणाऱ्या राजाचे आहेत. राजस्त्रियांचा गर्भ सुरक्षित राखण्याची व्यवस्था दप्तरांत दिसते. त्यांच्या स्वतःच्या सुखाची दिसत नाहीं. हत्ती मागितल्याचें कवि सांगतो, उशी मागितल्याचें कोणीच सांगत नाहीं.

सामान्य स्त्रीची नोंद पाहावयाची तर फार मागें जावें लागतें. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतांतील गाथांचा संग्रह होय. तीत डोहाळ्यांच्या दोन गाथा आहेत. एकींत मैत्रिणी नव्या गर्भिणीस काय आवडतें तें विचारतात व तिची दृष्टि नुसती पतीकडे वळते. दुसरी गाथा दरिद्री घरांतील आहे. तेथें गृहिणीस डोहाळे विचारले असतां, पतीचा जीव कासावीस होऊं नये म्हणून, ती फक्त पाणी मागते.

ही गाथा आम्हीं महाविद्यालयांत प्रथम वाचली तेव्हां पुस्तक मिटून ठेविलें. त्याचें कारण येथें सांगणें आत्मश्लाघेचें नसून साधनाचें आहे, म्हणून सांगतों. इ. स. १९७२ च्या दुष्काळांत आमचें वय दहा-अकरा वर्षांचें होतें. वडील केळीच्या एका अडतीवर लिहिणावळ करीत. बागा वाळल्या तशी तीही मंदावली. आमच्या मातोश्रींस तेव्हां सातवा महिना होता. ओटी भरावयास आलेल्या आत्यानें वडिलांच्या देखत विचारलें, "वहिनी, काय खावंसं वाटतं?" मातोश्री म्हणाल्या, "काही नको, गार पाणी तेवढं पोटभर हवं." विहिरी आटल्या होत्या, त्यामुळें तें कोणास खोटें वाटलें नाहीं. आम्ही दुसऱ्या आळींतून कळशीभर पाणी आणिलें, नव्या माठांत ओतलें, आणि आईचे डोहाळे आपण पुरविले या अभिमानांत कित्येक दिवस वावरलों. गाथा वाचल्यानंतर सुटींत घरीं आलों तेव्हां आम्हीं विचारलें, "आई, तेव्हां खरें काय खावेंसें वाटत होतें?" ती प्रथम हंसली, मग म्हणाली, "मांडे. पुरणाचे, तूप सोडलेले." तोपर्यंत घरची स्थिति सुधारली होती व मांडे कितीदां तरी झाले होते, पण ते दिवस गेले होते.

सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची गोदातीरींची स्त्री व तापीखोऱ्यांतील आमची आई एकच उत्तर देतात, यावरून आम्हीं एक अनुमान काढितों. डोहाळे पुरविण्याची रीति उदार खरी, पण ती विचारण्यावर व सांगण्यावर उभी आहे. जिला घरची स्थिति ठाऊक आहे ती खरें सांगत नाहीं. आणि जी जितकी शहाणी व मायाळू, ती तितकी कमी मागते. म्हणून गर्भिणीचें सुख तिच्या मागण्यावर ठेवणें हा त्या रीतीचा दोष आहे. मनु व बौधायन यांच्या ज्या तीन नियमांकडे आम्हीं आरंभीं लक्ष वेधिलें, त्यांची थोरवी येथें कळते. पान आधीं मांडावें, वाट द्यावी, मोल घेऊं नये. त्यांत न मागतां द्यावयाचें आहे.

अर्वाचीन काळांत हें सूत्र कायद्यांत उतरूं लागलें. त्याच्या अगोदरची एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल, त्या चौदा वर्षांच्या असतांना, उपचारांवांचून अवघ्या दहा दिवसांत गेलें. पुढें त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांतून इ. स. १८८६ त वैद्यकाची पदवी घेतली. तेव्हां प्रबंधासाठीं त्यांनीं निवडलेला विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. आमच्यासारख्या संस्कृतज्ञांनीं जें साहित्य केवळ पाठांतरास ठेविलें, त्याकडे स्वतःचें मूल गमावलेल्या एका मराठी स्त्रीनें वैद्याच्या दृष्टीनें पाहिलें. इ. स. १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, त्या पुण्यास निवर्तल्या.

मुंबई इलाख्यांत कारखान्यांतील स्त्रियांस बाळंतपणाची रजा व भत्ता देणारा कायदा इ. स. १९२९ त झाला. १९२८ त त्याच्या विधेयकावर कायदे कौन्सिलांत बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे असें प्रतिपादन केलें. सबंध देशासाठीं १९६१ त कायदा झाला. त्यांतील १२ आठवड्यांची रजा २०१७ त पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवडे झाली. परंतु हा लाभ नोकरींतील स्त्रीस आहे. सावद्याच्या केळीच्या बागांत निंदणी करणारी मजूर स्त्री रजा कोणाकडे मागणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सरकारी नोकरींत नसलेल्या बहुतेक सर्व गर्भवतींसाठीं किमान ६००० रुपये ठरविले आणि २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेंत पहिल्या अपत्यासाठीं ५००० रुपये ठेविले. रक्कम थोडी आहे व तिच्यासाठीं कागद पुष्कळ लागतात; तथापि तत्त्व तेंच आहे, उतारावर मोल न घेण्याचें.

आमच्या गांवांतील वृद्ध स्त्रियांकडून आम्हीं जें ऐकिलें त्यांत सर्वच घेण्याजोगें नाहीं. जुळें केळें खाल्ल्यास जुळीं होतात, ग्रहणांत चिरल्यास बाळाचा ओंठ फाटतो, या समजुती सोडून दिल्या पाहिजेत. परंतु पाय सुजले तर निजतांना पायांखालीं घडी घालावी, भाकरी एकदम न खातां चार वेळां अर्धी खावी, एकाच जागीं फार वेळ उभें राहूं नये, दुपारीं कुशीवर पडावें, हें त्यांचें सांगणें वैद्यही मान्य करतील. यांत एक भर मात्र घातली पाहिजे. सूज एकाएकीं तोंडावर व हातांवर आली, डोकें फार दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, अंगावरून रक्त गेलें किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तें सोसावयाचें दुखणें नव्हे. त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

संशोधकांस आमची विनंति अशी कीं, जुनीं घरगुती पत्रें व हिशेबाच्या वह्या चाळतांना बारशाच्या खर्चापाशीं थांबूं नये. त्याच्या मागच्या सात-आठ महिन्यांचीं पानें उलटून पाहावीं. तेथें लोणी, बोरें, गादीचा कापूस किंवा दमणीचें भाडें यांची एखादी ओळ निघाल्यास ती टिपून ठेवावी, आणि न निघाल्यास तेंही टिपावें. वृद्ध स्त्रिया आहेत तोंवर त्यांस विचारावें. मात्र घरांतील पुरुषांच्या देखत विचारूं नये, नाहींतर उत्तर पाणी असेंच येईल. आमची लहान बहीण त्या दुष्काळांत सुखरूप जन्मली व पुढें दोनदां माहेरीं बाळंत झाली. दोन्ही वेळां आमच्या मातोश्रींनीं तिला डोहाळे विचारले नाहींत. सातव्या महिन्यांत एके सकाळीं त्यांनीं आपण होऊनच पुरण शिजत घातलें आणि पहिला मांडा, घरांतल्या कोणाच्याही आधीं, लेकीच्या पानावर वाढला.